काकांचा बेंजो, चॅनल नावाची भानगड आणि एक मशीन

शुक्रवारी संध्याकाळी हापिसातून निघता निघता फोन वाजला. पलीकडे माझा चुलतभाऊ, माणगावहून.

"दादा, मशीन जळलं."

आमच्या धंद्यात हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न येतो, बॅकअप आहे ना? त्यांच्या धंद्यात बॅकअप नसतो. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. काकांच्या बेंजो पार्टीचा एकुलता एक, वीसेक वर्षं टेम्पोत आदळत-आपटत आलेला. जनरेटर बदलताना व्होल्टेज उसळलं, ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला आणि खेळ खलास. ही गोष्ट २०२३च्या ऑगस्टची. त्या वर्षी अधिक श्रावण होता म्हणून गणपती १९ सप्टेंबरला आले, हे नशीब. नाहीतर हळहळायलाही वेळ मिळाला नसता.

(माणगाव म्हटल्यावर काही जणांना १९२०ची परिषद आठवते. बाबासाहेब आणि शाहू महाराजांची ती परिषद कोल्हापूरकडच्या माणगावात झाली. आमचं माणगाव रायगडातलं, काळ नदीच्या काठचं. मुंबई-गोवा रस्त्यावर गणपतीच्या आधी ज्या गावात तुम्ही कधी ना कधी दोन तास अडकला असाल, तेच ते.)

मग फोन काकांनी घेतला. "हे बघ, चार चॅनलचं मशीन पाहिजे. पंचेचाळीसपर्यंत बसव. तुला यातलं कळतं, तूच बघ." काका फोन ठेवतात न ठेवतात तोच भावाचा मेसेज: "दादा, चार चॅनलचाच बघ हां!!" खाली एक लिंक. उघडली तर मार्शलचा जेव्हीएम ४१०. शंभर वॅट, चार चॅनल, प्रत्येक चॅनलचे तीन प्रकार, म्हणजे एका डब्यात बारा आवाज. किंमत काकांच्या पंचेचाळीस हजारांच्या कितीतरी पुढे, पण ते सोडा. मला आधी बरंच वाटलं. चला, काका आणि पुतण्या यांचं निदान एका गोष्टीवर एकमत आहे.

ते एकमत नव्हतंच. दोघं एकच शब्द वापरत होते आणि दोन वेगळ्या वस्तू मागत होते. हे लक्षात यायला मला मध्यरात्र झाली. आणि लक्षात आल्यावर असं दिसलं की या दोन अर्थांच्या मधे गिटार ॲम्पचा सगळा इतिहासच बसलेला आहे. तोच आज सांगतो.

काकांच्या लेखी चॅनल म्हणजे माणूस. एका भोकात बेंजो, दुसऱ्यात कीबोर्ड, तिसऱ्यात गाणाऱ्याचा माइक, चौथं पोरांपैकी जो कोणी काही घेऊन येईल त्याला. भावाच्या लेखी चॅनल म्हणजे त्याचाच मूड. एक स्वच्छ, एक जरा खरखरीत, एक चिडलेला आणि एक पेटलेला. गिटार एकच, वाजवणारा एकच.

भाऊ काही चुकीचं बोलत नव्हता. दुकानात जाऊन 'मल्टी-चॅनल गिटार ॲम्प' मागितला तर तो म्हणतो तेच मिळतं. पण शब्द जन्माला आला तेव्हा त्याचा अर्थ काकांचा होता.

इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली १९३२च्या सुमारास. रिकनबॅकरची, तव्यासारख्या आकाराची, आणि तीसुद्धा हवाईयन, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. तिच्यासोबत वाजायला एक छोटा डबा लागायचा. पुढच्या दहा-पंधरा वर्षांतल्या अशा डब्यांची पॅनलं बघितली तर बऱ्याच ठिकाणी दोन-तीन भोकं दिसतात आणि त्यांच्यावर 'इन्स्ट्रुमेंट' आणि 'मायक्रोफोन' असं चक्क लिहिलेलं असतं. कारण सरळ आहे. डबा महाग, बँड गरीब. गिटारवाला, अकॉर्डियनवाला आणि गाणारी बाई तिघं एकाच डब्यात वायरी खुपसायचे. ज्याचा त्याचा व्हॉल्यूम वेगळा असावा म्हणून आत वाटा वेगळ्या, आणि शेवटी सगळ्या वाटा एकाच पॉवर स्टेजला आणि एकाच स्पीकरला येऊन मिळायच्या. या वाटा म्हणजे चॅनल. जुन्या मेनफ्रेमवर पन्नास जण टर्मिनल लावून बसायचे, तसलाच प्रकार.

या पद्धतीचा कळस म्हणजे इंग्लंडचा व्हॉक्स एसी३०. १९६०च्या आसपास त्याची जी आवृत्ती निघाली तिला तीन चॅनल आणि सहा भोकं होती. तीस वॅटच्या डब्याला सहा भोकं! एका माणसाला सहा भोकं लागत नाहीत. अख्ख्या पार्टीला लागतात.

अमेरिकेत लिओ फेंडरच्या 'बासमन'ला 'नॉर्मल' आणि 'ब्राइट' अशा दोन वाटा होत्या. हा ॲम्प केला बास गिटारसाठी, पण आवडला साध्या गिटारवाल्यांना. त्यात दहा इंची चार स्पीकर, जेन्सन कंपनीचे. आता जरा आडवळण, पण ते काकांच्या टेम्पोपर्यंत जातं म्हणून घेतो. पीटर जेन्सन हा मूळचा डेन्मार्कचा. त्याने आणि एडविन प्रिडमने मिळून कॅलिफोर्नियात फिरत्या कॉइलचा, कर्णा लावलेला लाउडस्पीकर बनवला आणि १९१५च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर तो हजारोंच्या गर्दीला ऐकवला. कंपनीचं नाव मॅग्नाव्हॉक्स. पुढे १९२७मध्ये जेन्सनने शिकागोत स्वतःच्या नावाची स्पीकर कंपनी काढली. म्हणजे आपल्याकडे सभेच्या खांबावर, देवळाच्या कळसाजवळ आणि काकांच्या टेम्पोच्या टपावर जो कर्णा असतो, आणि भावाच्या स्वप्नात जो गिटारचा स्पीकर येतो, त्या दोघांच्या घराण्यात एकच आजोबा निघतो. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी दोघांनाही फोन करून सांगितली. दोघांनाही काही विशेष वाटलं नाही. असो.

१९६२मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या दुकानदाराने फेंडरच्या या बासमनवरून स्वतःचा ॲम्प बनवून घेतला. हा मार्शल मूळचा ड्रमर आणि ड्रमचा मास्तर. ताशेवाल्याने बेंजोवाल्यांचं मशीन काढावं असला मामला. दुकानात ड्रम शिकायला येणाऱ्या पोरांचे गिटारवाले मित्र म्हणायचे, गिटारचं सामानही ठेवा, ॲम्प जरा दणदणीत द्या. फेंडर आयात करायला महाग पडायचा, मग घरीच करू. त्याच्या जेटीएम ४५लाही दोन चॅनल, प्रत्येकाला दोन भोकं, म्हणजे वाटणी अजून माणसांचीच होती.

आणि मग कुणीतरी एक वीतभर वायर घेतली.

कुणी ते ठामपणे सांगता येणार नाही, बहुतेक एकाच वेळी बऱ्याच जणांनी. पहिल्या चॅनलमध्ये गिटार लावायची, त्याच चॅनलच्या दुसऱ्या भोकातून छोटी वायर काढून दुसऱ्या चॅनलमध्ये खुपसायची. आता एकाच गिटारचा आवाज दोन्ही वाटांनी जातो, एक वाट जाड, एक वाट तीक्ष्ण, आणि दोन्हींचं मिश्रण बटणांनी हवं तसं करता येतं. गिटारवाले याला 'जंपर' म्हणतात आणि तो आजही वापरतात. माझ्या मते गिटार ॲम्पच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा क्षण आहे. कारण दुसरं भोक दुसऱ्या माणसासाठी होतं, आणि त्या दिवशी पहिल्या माणसाने ते स्वतःसाठी घेतलं. बँड मोठे झाले होते, पैसे आले होते, ज्याचा त्याचा ॲम्प झाला होता. दुसऱ्याची वाट रिकामीच पडली होती.

दरम्यान दुसरी एक गोष्ट झाली. व्हॉल्व्हचा ॲम्प पूर्ण उघडला की आवाज फाटतो. फेंडरच्या दृष्टीने हा दोष. पण पोरांना तो फाटका आवाजच आवडायला लागला. आमच्याकडे ज्यासाठी तिकीट उघडून कुणाला तरी रात्री जागवतात, तेच त्यांनी फीचर म्हणून वाजवायला घेतलं. अडचण एवढीच की फाटण्यासाठी ॲम्प पूर्ण उघडावा लागायचा, म्हणजे कान फुटेपर्यंत.

ही अडचण सोडवली कॅलिफोर्नियातल्या रँडल स्मिथ नावाच्या ॲम्प दुरुस्त करणाऱ्या तरुणाने. सुरुवात झाली खोडीतून. १९६९च्या सुमारास एका गिटारवाल्याच्या छोट्याशा फेंडर प्रिन्स्टनमध्ये त्याने गुपचूप मोठा ट्रान्सफॉर्मर आणि बारा इंची स्पीकर बसवला. दिसायला लहान आणि आवाज राक्षसाचा. कार्लोस सँटानाने तो वाजवून बघितला आणि त्याच्या कौतुकाच्या शब्दातून 'बूगी' हे नाव निघालं. मेसा बूगी ती हीच. पुढे स्मिथने खरी करामत केली. व्हॉल्व्हच्या पायऱ्या एकापुढे एक लावल्या, म्हणजे एकीने मोठा केलेला आवाज दुसरी आणखी मोठा करते आणि तिथेच, सुरुवातीलाच, तो फाटतो. शेवटी एक 'मास्टर' बटण. आत हवं तेवढं फाडा, बाहेर हवं तेवढंच सोडा.

पण मग एका गाण्यात स्वच्छ आणि फाटका दोन्ही आवाज हवे असतील तर? सुरुवातीच्या बूगीला दोन आवाजांसाठी दोन भोकं होती. गाण्याच्या मधे वायर उपटून दुसरीकडे लावा, कसं जमायचं? १९७०च्या दशकाच्या शेवटी 'मार्क टू' आला. त्यात पायाने दाबायचं बटण. खट्, स्वच्छ. खट्, फाटका. शब्द तोच, चॅनल, पण त्यातून माणसं निघून गेली होती आणि एकाच माणसाची सोंगं आत आली होती. तिथून पुढे दोनाचे तीन, तिनाचे चार, आणि २००७ साली भावाच्या लिंकवाला जेव्हीएम, बारा सोंगांचा.

आपल्याकडे या काळात काय चाललं होतं? सामानाच्या बाबतीत सांगायचं तर तुटवडा. गंमत म्हणजे व्हॉल्व्हचा तुटवडा नव्हता. मार्शलच्या आणि व्हॉक्सच्या पोटात जो ईसीसी८३ नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो, तोच बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आपल्या देशी रेडिओ आणि ॲम्प्लिफायरसाठी बनवत होती. सभांची मशीनं बनवणारी दिल्लीची आहूजा तर १९४०पासूनची. म्हणजे कच्चा माल होता, कर्णे होते. नव्हता तो गिटारचा ॲम्प. परदेशी आणायचा तर आयात परवाना आणि जबर कस्टम, १९९१ उजाडेपर्यंत. आमच्या बाजूला म्हसळा-श्रीवर्धनकडची माणसं जहाजावर आणि आखातात. कुणाचा तरी मामा येताना कीबोर्ड आणायचा. गिटारचा ॲम्प कोण आणणार? अहो, एका फेंडर ट्विनचं वजन एकोणतीस किलो!

मुंबईच्या स्टुडिओत त्याने फारसं अडत नव्हतं. १९७१च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधल्या 'दम मारो दम'ची सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची. तेच ते पुढे गझल गाणारे. स्टुडिओत एका दिवशी एक गाणं, त्या गाण्याचा एक आवाज, तो जमवायला अख्खा दिवस हाताशी. अडायचं ते ऑर्केस्ट्रावाल्याचं. सत्यनारायणाच्या पूजेच्या रात्री तीन तासांत तीस गाणी, पहिलं भक्तिगीत, मधे कोळीगीत, शेवटी 'दम मारो दम'. आणि डबा एकच, तोही सभेचा. सगळ्यांचे आवाज चार भोकांतून एकत्र. म्हणजे खऱ्या अर्थाने बारा आवाजांची गरज ज्यांना होती त्यांच्यापर्यंत बारा आवाजांचा ॲम्प कधी पोचलाच नाही. त्यांनी चार भोकांत भागवलं. काका त्यातलेच.

आता थोडं काकांच्या वाद्याबद्दल, कारण निर्णय शेवटी त्याच्यावर अडला. कोकणात बेंजो म्हणतात त्याचा अमेरिकेच्या त्या गोल, चामड्याच्या बँजोशी संबंध नाही. हा म्हणजे बुलबुल तरंग. मूळ जपानी. नागोयाच्या गोरो मोरिताने १९१२ साली टाइपरायटरसारख्या कळा बसवून एक तंतुवाद्य केलं, तैशोगोतो. तैशो सम्राटाची कारकीर्द त्याच वर्षी सुरू झाली, म्हणून ते नाव. ते इकडे आलं, बुलबुल तरंग झालं. मग कुणी त्याला पिकअप बसवला, कर्णा जोडला, आणि मुंबई-कोकणच्या मिरवणुकीत ते बेंजो झालं. २०१६मध्ये रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमाच काढला यावर, रितेश देशमुखला घेऊन. काकांना तो पसंत पडला नाही ("बोटं बघ त्याची, कुठे चाललीत"). डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्या हाताने छेडायचं. सनईइतका चढा आवाज, वाजतो पोलादी तारेवर. कानाला लागतो, पण रस्त्यावर लागतोच तो. ताशा आणि ढोलाच्या वर दुसरं काही ऐकूच जात नाही.

शनिवारी सकाळी माझा छोटा ॲम्प गाडीत टाकून ताम्हिणीतून खाली उतरलो. माझा हा दुसरा ॲम्प. पहिला मी हौसेने घेतला होता, व्हॉल्व्हचा, दोन चॅनलचा, पंधरा वॅटचा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्याचा दुसरा चॅनल मी तीन वर्षांत एकूण चार वेळा वाजवला असेन, त्यातल्या तीन वेळा सोसायटीच्या सेक्रेटरींनी बेल वाजवली. शेवटी विकला. 'व्हर्सटाइल' या शब्दाला भुलून आपण जे वाजवत नाही त्याचे पैसे मोजतो हे मी तिथे शिकलो. आताचा आहे मॉडेलिंगवाला. म्हणजे आत व्हॉल्व्ह नाहीत, एक प्रोसेसर वेगवेगळ्या ॲम्पची नक्कल करतो. लाइन सिक्स कंपनीने १९९६मध्ये पहिला असा ॲम्प काढला, १९९८मध्ये 'पॉड' नावाची लाल घेवड्याच्या दाण्यासारखी डबी काढली, आणि तिथून सोंगांचा भाव एकदम कोसळला. २०१६चा बॉसचा काटाना घ्या. पाच जातींचे आवाज, आणि पन्नास वॅटचं मॉडेल बारा किलोच्या आत. चॅनल आता धातूचे उरले नाहीत. त्या फायली झाल्या.

पडवीत बैठक बसली. काका, भाऊ, ढोलकीवाले, आणि चहाच्या निमित्ताने अर्धी आळी. काकांनी बेंजो माझ्या ॲम्पला लावला. स्वच्छ आवाजावर ठेवला आणि सगळे गप्प झाले. बेंजो गोड वाजत होता! कारण साधं आहे. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर जवळपास हात टेकतो, आणि बेंजोचा किरकिरा भाग त्याच्याच वर राहतो. कर्णा बोचरं तेच आधी फेकतो, हा स्पीकर बोचरं गिळतो. काका दोन मिनिटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "देवासमोर चांगलं आहे. रस्त्यावर नाही ऐकू जायचं." पन्नास वर्षांच्या अनुभवाचं वाक्य. भावाने तोंड उघडलं, "पण काका, शंभर वॅटचा घेतला तर—" तर काही नाही. पन्नासाचे शंभर वॅट केले की तीन डेसिबल वाढतात, म्हणजे लक्ष दिलं तर कळेल इतकंच. कानाला दुप्पट वाटायचं तर पॉवर दसपट लागते. त्यापेक्षा कर्ण्याची बनावटच अशी की त्याच वॅटमध्ये तो गिटारच्या स्पीकरपेक्षा कितीतरी लांब फेकतो.

मग भावाने पुढचं बटण दाबलं. फाटका आवाज. काकांनी एकेक सूर वाजवला तोवर ठीक, चक्क सनईसारखा खेचल्यासारखा सूर निघत होता. पण बेंजोला एका कळेखाली दोन-दोन तारा, त्या जरा जरी हलल्या की आत रस्सीखेच. इथे थोडं गणित. फाटलेल्या आवाजात दोन सूर मिसळले की त्यांची बेरीज आणि वजाबाकीसुद्धा ऐकू येते. सा आणि पचं प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे खालचा सा. बेरीज पाच, म्हणजे वरचा गंधार. तंबोऱ्यात न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो म्हणतात, त्याचीच ही थोडी उद्धट भावंडं. म्हणून रॉकवाले फाटक्या आवाजात बहुतेक सा-पच वाजवतात. बाकी कुठलीही जोडी घेतली की चिखल. मूळ बुलबुल तरंगाला सूर धरून ठेवणाऱ्या वेगळ्या तारा असतात, त्या असत्या तर पडवीतून आम्हाला उठूनच जावं लागलं असतं. काकांनी त्या कधीच काढून टाकल्यात. विचारलं का, तर म्हणाले, "कर्ण्यात गलका व्हायचा." म्हणजे हा शोध त्यांनी माझ्या गणिताशिवाय तीस वर्षांपूर्वीच लावला होता.

भाऊ मात्र हिरमुसला. आणि मला खरी भीती त्याचीच होती. पार्टीत नऊ जण, त्यातले सहा पन्नाशीच्या पुढचे. हळदीच्या ऑर्डरी डीजे खाऊन टाकतोय. पुढच्या पिढीतला एकच पोरगा टेम्पोबरोबर चालायला तयार आहे आणि तो चालतो कारण त्याला गिटार वाजवू देतात. पंचेचाळीस हजार म्हणजे दोन सीझनच्या हळदींतून बाजूला काढलेले. चुकीचं घेतलं तर गौरी-गणपतीच्या ऑर्डरी गेल्या. बरोबर घेतलं पण पोरगा रुसला, तर दहा वर्षांनी मशीनला वायर लावायला कोणी नाही. काकांनाही हे कळत होतं. म्हणून तर त्यांनी मला बोलावलं होतं, वॅट मोजायला नव्हे.

जेव्हीएमसारखा व्हॉल्व्हचा हेड तर बादच होता. पैसे असते तरी बाद. टेम्पोचे धक्के, सप्टेंबरचा पाऊस, जनरेटरचं लहरी व्होल्टेज, आणि व्हॉल्व्ह गेला तर माणगावात तो बदलून देणारा म्हातारा मेकॅनिक आता नाही. शिवाय त्याचे चारही चॅनल एका वेळी एकच वाजणार. त्याच्यात काका, कीबोर्ड आणि माइक तिघं एकत्र शिरूच शकत नाहीत. नुसता मॉडेलिंग ॲम्प घ्यावा तर तोही एका माणसाचाच, आणि त्याच्या स्पीकरमधून गाणाऱ्याचा आवाज गोधडी पांघरल्यासारखा येणार.

म्हणून घेतली काकांच्या अर्थाची वस्तू. अडीचशे वॅटचं देशी मिक्सर मशीन, स्वतंत्र व्हॉल्यूमची माइकची भोकं आणि एक ऑक्झिलरी, मागे कर्ण्यांसाठी आणि बॉक्ससाठी वेगवेगळे ओहम. काकांचे जुने कर्णे त्यालाच जुळले. उरलेल्या पैशांत भावाच्या अर्थाची वस्तू, छोटीशी, मॉडेलिंगवाली. तिच्या मागच्या रेकॉर्डिंगच्या भोकातून वायर काढायची आणि मोठ्या मशीनच्या चौथ्या भोकात लावायची. म्हणजे भावाची सगळी सोंगं मिळून मोठ्या मशीनचा एक चॅनल. पंचेचाळीसात दोन्ही बसलं, बाराशे उरले, त्यात बऱ्या वायरी घेतल्या. (वायरीत काटकसर करू नका. माझं एवढं एक ऐका.)

भावाने एकच प्रश्न विचारला, "माझा व्हॉल्यूम कोणाच्या हातात?" काका म्हणाले, "माझ्या." मग जरा थांबून म्हणाले, "पण बटण तुझ्या पायाशी."

गौरी विसर्जनाला आम्ही खाली गेलो, बायकोमुलासकट. आमच्या आळीतले घरचे गणपती एकत्र निघतात, टेम्पो पुढे, गणपती मागे, काळ नदीकडे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर वाजवायला बंदी आहे, वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, तेव्हा सगळा कार्यक्रम घड्याळावर. मी टेम्पोच्या मागे, मशीनशेजारी. साडेनऊला घाटाच्या वळणावर भावाने बटण दाबलं आणि त्याच्या त्या फाटक्या आवाजात आरतीच्या चालीतले दोन सूर लांब खेचले. सा आणि प. काकांनी मान वळवून बघितलं. मला वाटलं आता हात व्हॉल्यूमकडे जाणार. तो गेलाही. आणि चौथं बटण त्यांनी दोन रेघा पुढे सरकवलं.

गेल्या वर्षी गेलो तेव्हा मशीनवर नेलपॉलिशच्या खुणा दिसल्या, कुठलं बटण कुठवर. तीन लाल. चौथ्या बटणाला दोन खुणा आहेत, एक लाल आणि त्याच्या जरा पुढे एक निळी.